घोड्याची हिवाळी झूल

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत पंजाब, हरियाणा व उत्तर प्रदेश यांच्या मैदानांवर दाट धुके उतरते. दिवस वर आला तरी सूर्य दिसत नाही, आणि रात्रीचे उष्णतामान ४-५ अंश सेल्सिअसपर्यंत, कधी त्याहूनही खाली जाते. मैदानी प्रदेशात किमान उष्णतामान ४ अंश किंवा त्याहून कमी झाले, म्हणजे भारतीय हवामान खाते त्यास थंडीची लाट म्हणते. अशा रात्री टांग्याचा, वीटभट्टीवरचा अथवा वरातीचा घोडा बाळगणारा मनुष्य स्वतः रजई ओढून घेतो, आणि आपल्या जनावरालाही काही पांघरावयास घालावे असे त्याच्या मनात साहजिकच येते. मग जुनी सतरंजी, गोणपाट, प्लॅस्टिकचा कागद, जे हाती येईल ते घोड्याच्या पाठीवर पडते.

हेतू दयेचा असतो. परंतु पुष्कळदा असे घडते की, ह्या पांघरुणामुळे घोडा पहाटेपर्यंत अधिकच गारठतो; किंवा दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर तेच पांघरूण अंगावर राहून तो घामाघूम होतो. ज्याचे पोट त्या घोड्यावर चालते, त्याच्या घरी घोड्याचे आजारपण म्हणजे मिळकत बंद होणे होय. म्हणून योग्य पांघरूण कोणते, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्याचे उत्तर शोधावयाचे तर बाजारात जाण्यापूर्वी घोड्याच्या शरीराकडे पाहिले पाहिजे. शरीरात उष्णता कशी उत्पन्न होते, ती बाहेर कोणत्या वाटांनी जाते, आणि निसर्गाने त्या वाटा कशा अडविल्या आहेत, हे कळले म्हणजे झुलीची निवड आपोआप सोपी होते.

माणसाची थंडी आणि घोड्याची थंडी

मनुष्य आणि घोडा हे दोघेही उष्ण रक्ताचे प्राणी आहेत. मनुष्याच्या शरीराचे उष्णतामान सुमारे ३७ अंश, तर निरोगी घोड्याचे ३७·५ ते ३८·५ अंशांच्या दरम्यान असते. बाहेर हवा कशीही असली तरी आतील उष्णतामान कायम राखणे हे दोघांच्याही शरीराचे काम आहे. मात्र हे काम विशेष श्रम न पडता कोठवर साधते, ह्या बाबतीत दोघांत फार मोठे अंतर आहे.

वस्त्रहीन मनुष्य स्थिर हवेत बसला असता, हवेचे उष्णतामान २७-२८ अंशांच्या खाली गेले की त्याच्या शरीरास जादा उष्णता निर्माण करावी लागते. ज्या उष्णतामानाखाली शरीरास असे जादा इंधन जाळावे लागते, त्यास शास्त्रज्ञ ‘निम्न सीमा’ म्हणतात. सौम्य हवामानात वाढलेल्या प्रौढ घोड्यासाठी ही सीमा ५ अंशांच्या आसपास असल्याचे आढळले आहे. कॅनडातील कडक हिवाळ्यास सरावलेल्या, भरपूर चारा मिळणाऱ्या घोड्यांत तर ती शून्याखाली १५ अंशांपर्यंत जाते, असे तेथील संशोधकांनी गेल्या शतकातील ऐंशीच्या दशकात मोजून दाखविले. ह्याच्या उलट, नुकत्याच जन्मलेल्या शिंगराची निम्न सीमा २० अंशांहूनही वर असते.

ह्यावरून पहिली गोष्ट ध्यानात येते. ज्या हवेत मनुष्यास हुडहुडी भरते, ती हवा धडधाकट घोड्यास बहुधा सुखाची असते. आपल्या अंगावर काटा आला, ही घोड्यावर झूल घालण्याची खूण नव्हे.

अंतराचे एक कारण आकारमानात आहे. एक घन घेऊन त्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली, तर पृष्ठभाग चौपट होतो, पण घनफळ आठपट होते. उष्णता निर्माण होते ती शरीराच्या घनफळात आणि बाहेर जाते ती पृष्ठभागातून. म्हणून मोठ्या प्राण्यास त्याच्या वजनाच्या मानाने उष्णता गमावण्यास जागा थोडी असते. शिंगरू लहान असते, त्याची केसाळी पातळ असते आणि अंगात चरबीही बेताची असते. त्यामुळे ते लवकर गारठते. दुसरे कारण घोड्याच्या कातडीवर आहे, तर तिसरे त्याच्या पोटात.

निसर्गाने दिलेली झूल

घोड्याचे केस वर्षभर सारखे नसतात. उन्हाळ्यात ते आखूड व तुकतुकीत असतात, हिवाळ्यात लांब व दाट होतात. हा बदल केवळ थंडीमुळे होतो असा सर्वसाधारण समज आहे. परंतु त्याची मुख्य सूचना दिवसाच्या लांबीकडून मिळते. २१ जूननंतर दिवस लहान होऊ लागतात. डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशाचा काळ घटला की मेंदूतील एका लहानशा ग्रंथीतून पाझरणाऱ्या मेलॅटोनिन नावाच्या द्रव्याचा काळ वाढतो, आणि त्यातून केस वाढण्याची आज्ञा सुटते. २२ डिसेंबरनंतर दिवस वाढू लागले की हीच यंत्रणा उलट फिरते, व पुढे खराऱ्यास केसांचे पुंजके येऊ लागतात. डिसेंबरच्या अखेरीस दिल्लीचा दिवस सुमारे १० तास २० मिनिटांचा, तर मुंबईचा सुमारे ११ तासांचा असतो. म्हणजे उत्तरेकडील घोड्यास मिळणारी हिवाळ्याची सूचना दक्षिणेकडील घोड्याहून अधिक स्पष्ट असते. थंडी ह्या कार्यात साहाय्य करते. म्हणून शरद ऋतूपासूनच ज्यास सतत झाकून ठेवले, त्या घोड्याचे केस पुरते वाढत नाहीत.

लांब केसांत खरी ऊब असते ती केसांची नव्हे, तर त्यांच्यामध्ये अडकून राहिलेल्या हवेची. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक होय. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक सूक्ष्म स्नायू असतो. थंडी वाजली म्हणजे तो आखडतो, केस उभा राहतो, आणि हवेचा थर जाड होतो. मनुष्याच्या अंगावर येणारा काटा हा ह्याच यंत्रणेचा अवशेष आहे. फरक इतकाच की मनुष्यापाशी उभे करण्याजोगे केस उरले नाहीत. कातडीतील ग्रंथींतून स्रवणारा तेलकट पदार्थ केसांवर पसरतो, त्यामुळे हलक्या सरी वरच्यावर ओघळून जातात आणि खालचा थर कोरडा राहतो. म्हणूनच, उघड्यावर राहणाऱ्या घोड्यास हिवाळ्यात वरचेवर धुणे किंवा खरारा फार घासून करणे हितावह नाही.

आता ह्या केसांवर एखादे जड पण पातळ पांघरूण टाकले तर काय होईल? त्याच्या भाराने उभे केस आडवे पडतील. घोड्याने बांधलेला हवेचा थर मोडेल. पांघरुणाची स्वतःची ऊब मोडलेल्या थराहून कमी असेल, तर झूल घालूनही घोडा पूर्वीपेक्षा उघडाच ठरेल.

पोटातील शेगडी

घोड्याने खाल्लेल्या चाऱ्यातील चिवट तंतू त्याच्या स्वतःच्या पाचकरसांनी विरघळत नाहीत. ते मोठ्या आतड्यात व त्याच्या आरंभी असलेल्या अंधांत्रात जाऊन साठतात. मोठ्या घोड्याच्या एकट्या अंधांत्रातच सुमारे ३० लिटर ऐवज मावतो. तेथे कोट्यवधी सूक्ष्म जंतू तंतू आंबवितात. त्यातून घोड्यास पोषक अम्ले मिळतात आणि सोबत भरपूर उष्णता उत्पन्न होते. ही शेगडी तासन् तास धुमसत राहते. दाण्याच्या चंदीपेक्षा वाळल्या वैरणीतून अशी उष्णता अधिक मिळते. कडाक्याच्या रात्री मूठभर दाणा वाढविण्यापेक्षा गव्हाणीत पुरेशी वैरण टाकणे अधिक उपयोगी, असे जे जाणते लोक सांगतात, त्यामागे हे कारण आहे.

निम्न सीमेखाली हवा गेली की प्रौढ घोड्यास प्रत्येक अंशामागे सुमारे अडीच टक्के अधिक अन्नशक्ती लागते, असे आहारशास्त्राचे मान आहे. ३०० किलोग्रॅम वजनाचा, दिवसास सुमारे ६ किलोग्रॅम कोरडी वैरण खाणारा घोडा घ्या. त्याची निम्न सीमा ५ अंश धरली आणि हवा रात्रंदिवस शून्य अंशावर राहिली, तर त्याची गरज साडेबारा टक्क्यांनी, म्हणजे पाऊण किलोग्रॅम वैरणीने वाढेल. मैदानी भागात दिवसा हवा तापते. त्यामुळे प्रत्यक्षातील वाढ ह्याहूनही कमी असते. निरोगी घोड्याच्या बाबतीत थंडीचा पहिला उपाय बहुधा असा स्वस्त असतो.

खरे शत्रू: वारा आणि पाणी

घोड्याची स्वतःची झूल दोन गोष्टींपुढे हरते. वारा केसांतील स्थिर हवा उडवून नेतो व तिच्या जागी थंड हवा आणतो. पाणी तर हवेची जागाच बळकावते. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे पंचवीसपट आहे. पावसाने केस कातडीपर्यंत भिजले म्हणजे ते कातडीस चिकटतात; आणि ज्या थराने उष्णता अडवावयाची, तोच ती वाहून नेऊ लागतो.

एवढ्यावरच भागत नाही. भिजलेले केस किंवा भिजलेली झूल वाळते तेव्हा त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ होण्यास उष्णता लागते. कातडीच्या उष्णतामानास एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी खर्च होतात. ३०० किलोग्रॅमच्या घोड्यास केवळ जिवंत व स्थिरवजन राहण्यासाठी दिवसाला सुमारे १०,००० किलोकॅलरी लागतात. समजा, लोकरीच्या झुलीत तीन लिटर पाणी मुरले आहे आणि ती घोड्याच्या अंगावरच वाळली. ही सर्व उष्णता घोड्याच्या शरीराने पुरविली, तर सुमारे १,७४० किलोकॅलरी, म्हणजे त्याच्या दिवसभराच्या गरजेच्या एक षष्ठांशाहून अधिक शक्ती, निव्वळ कापड वाळविण्यात गेली. काही उष्णता बाहेरील हवेकडूनही मिळते, म्हणून प्रत्यक्ष नुकसान थोडे कमी होईल. तरीही ओली झूल ही झूल नसून उष्णता शोषणारे यंत्र आहे, हे ह्या हिशेबावरून स्पष्ट होते.

विद्यार्थ्यांस हे शाळेत पडताळून पाहता येईल. एकसारख्या तीन बाटल्या घ्याव्यात व त्यांत सुमारे ४५ अंशांचे कोमट पाणी सारख्या प्रमाणात भरावे. पहिली बाटली उघडी ठेवावी. दुसरीस कोरड्या लोकरी कापडाचे वेष्टन घालावे. तिसरीस तसलेच कापड साध्या पाण्यात भिजवून, पिळून गुंडाळावे. तिन्ही बाटल्या पंख्याच्या वाऱ्यात ठेवून दर पाच मिनिटांनी उष्णतामापकाने नोंद घ्यावी, आणि अर्ध्या तासाच्या नोंदींचा आलेख काढावा. कोरड्या लोकरीतील पाणी सर्वांत सावकाश निवेल. ओल्या लोकरीतील पाणी उघड्या बाटलीतील पाण्यापेक्षाही लवकर थंड होत असल्याचे दिसून येईल. तिन्ही बाटल्यांच्या जागी तीन घोडे कल्पावेत, म्हणजे ह्या लेखाचे सार हाती आले.

झूल कोणास हवी?

वाऱ्यापासून आडोसा, पायाखाली कोरडा गवताचा बिछाना आणि पोटभर वैरण मिळत असेल, तर पूर्ण हिवाळी केस आलेल्या निरोगी, प्रौढ घोड्यास आपल्या देशातील बहुतेक भागांत झुलीवाचून चालते. लडाखमधील झंस्कारी आणि हिमाचल प्रदेशातील स्पिती ह्या जातींचे ठेंगणे, गोटीबंद घोडे दाट केस घेऊन उंच पर्वतांतील हिवाळे काढतात. काठेवाडी आणि मारवाडी घोडे मात्र उष्ण, कोरड्या प्रदेशांत घडले. त्यांची कातडी नाजूक व केस बारीक असतात. एकाच रात्री, एकाच आवारात उभ्या असलेल्या स्पिती तट्टास झूल नको असेल आणि मारवाडी घोडीस ती हवी असेल, हे सर्वथा संभवनीय आहे.

झुलीची खरी गरज पुढील प्राण्यांस असते: शिंगरे, दात झिजल्यामुळे नीट चावू न शकणारे म्हातारे घोडे, आजारातून उठलेले अथवा बरगड्या दिसू लागलेले घोडे, कामाच्या सोयीसाठी ज्यांचे केस कातरले आहेत ते, ज्यांना पावसावाऱ्यात आडोसा नाही ते, आणि उष्ण प्रदेशातून नुकतेच थंड प्रदेशात आलेले. नव्या हवेस शरीर रुळण्यास साधारणपणे दोन ते तीन आठवडे लागतात; तेवढा काळ झूल हा घोड्यास मोठा आधार होतो.

ह्या शेवटच्या प्रकाराची उलट बाजूही आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडे येथे दत्तजयंतीस घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे उत्तरेकडून आलेले घोडे दाट हिवाळी केस घेऊन उतरतात. खानदेशात डिसेंबरच्या रात्री गार असल्या तरी दुपारचे ऊन चांगलेच तापते. अशा घोड्यावर शोभेची जाड झूल दिवसभर ठेवणे म्हणजे दोन रजया पांघरून उन्हात बसण्यासारखे आहे. मनुष्य रजई फेकून देऊ शकतो. बांधलेला घोडा झुलीचे पट्टे सोडू शकत नाही.

कापडाची परीक्षा

झुलीच्या कापडाकडून तीन कामे करून घ्यावयाची असतात. त्याने हवा अडकवून धरावी, बाहेरचे पाणी आत येऊ देऊ नये, आणि आतली वाफ बाहेर जाऊ द्यावी. तिन्ही कामे सारख्याच चोखपणे करणारे कापड विरळा. म्हणून घोडा कोठे उभा राहणार आहे, हे आधी ठरवावे.

छपराखाली राहणाऱ्या घोड्यासाठी लोकर अद्याप उत्तम आहे. लोकरीचा तंतू नागमोडी असल्याने त्यात हवा पुष्कळ अडकते. तो आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के इतकी आर्द्रता वाफेच्या रूपाने शोषूनही हातास ओला लागत नाही, आणि शोषताना थोडी उष्णताही सोडतो. महाराष्ट्रातील सनगरांच्या मागावरचे, चिंचोक्याची खळ दिलेले घोंगडे धनगरांना रानातील पावसात पिढ्यान् पिढ्या उपयोगी पडले, ते लोकरीच्या ह्याच गुणांमुळे. मात्र भरड लोकर सतत घासली तर खांद्यावरचे केस झडतात. म्हणून आतून मऊ सुती अस्तर लावावे. लोकर एकदा पुरती भिजली की फार जड होते आणि सावकाश वाळते, हाही तिचा दोष ध्यानात ठेवावा. सुती सतरंजी तर लवकर भिजते आणि भिजल्यावर तिच्यातील हवा पार नाहीशी होते. गोणपाट स्वस्त व टिकाऊ आहे. त्यास आतून जुन्या कांबळ्याचे अस्तर लावल्यास छपराखाली ते चांगले काम देते.

उघड्यावर राहणाऱ्या घोड्यासाठी हल्ली नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या झुली मिळतात. त्यांवर दोन प्रकारचे आकडे असतात आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पहिला आकडा ‘डेनियर’ हा होय. ९,००० मीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचे डेनियर. ६०० डेनियरच्या कापडापेक्षा १,२०० डेनियरचे कापड सामान्यतः अधिक दणकट असते. कुंपणाला घासून ते सहज फाटत नाही. त्याचा उबेशी संबंध नाही. ऊब सांगणारा आकडा असतो तो आतील भरणाच्या वजनाचा, दर चौरस मीटरास इतके ग्रॅम असा. १०० ग्रॅमच्या आसपासचे भरण हलके, २०० ग्रॅमचे मध्यम आणि ३०० ते ४०० ग्रॅमचे जड समजतात. भरण नसलेली झूल केवळ पाऊस-वारा अडविते, आणि पुष्कळ घोड्यांना तेवढेच पुरते.

सर्वांत वाईट पांघरूण म्हणजे प्लॅस्टिकचा कागद. तो पाऊस अडवितो, पण घोड्याच्या अंगातून निघणारी वाफही अडवितो. ती वाफ कागदाच्या आतील थंड बाजूवर जमून पाणी होते व केसांत मुरते. घोडा बाहेरून कोरडा दिसतो, आतून भिजलेला असतो. दीर्घकाळ ओलसर राहिलेल्या कातडीत डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस नावाचा जंतू वाढून खपल्या धरतात. एका घोड्याची झूल दुसऱ्यास घातल्याने नायट्यासारखे रोगही पसरतात. म्हणून प्रत्येक घोड्याची झूल वेगळी असावी.

माप आणि बांधणी

झुलीचे माप घेताना घोडा सपाट जागी उभा करावा. छातीच्या मध्यापासून निघून, खांद्याच्या व कुशीच्या सर्वांत फुगीर भागावरून, पुठ्ठ्याच्या मागील कडेपर्यंत मोजपट्टी न्यावी. ही लांबी म्हणजे झुलीचे माप. युरोपातील काही कारखाने मानेच्या मुळापासून शेपटीपर्यंतचे माप देतात. तेव्हा विकत घेताना कोणते माप छापले आहे हे विचारून घ्यावे.

मान संपून पाठ सुरू होते तेथे घोड्यास हाडाचा एक उंचवटा असतो. अयोग्य झुलीचा सर्व भार तेथे पडतो व जखमा होतात. त्या उंचवट्यावर झुलीखाली हात सहज सरकला पाहिजे, आणि घोड्याने चरण्यासाठी मान खाली घातली तरी छातीवर ताण येता कामा नये. पोटाखालील पट्टे एकमेकांस छेदून जावेत. त्यांच्यात आणि पोटात तळहाताएवढे अंतर असावे. पट्टे अधिक सैल असतील तर बसून उठताना घोड्याचा पाय त्यांत अडकतो. झूल नेहमी जरा पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवावी, म्हणजे खालचे केस उलटे दुमडत नाहीत.

दिवसातून एकदा तरी झूल पूर्ण काढून अंग पाहावे. झुलीखाली बरगड्या लपतात. घोडा महिनाभरात रोडावला तरी मालकास पत्ता लागत नाही. हाताने चाचपून बरगड्या, खांदे आणि पाठीचा कणा तपासणे हाच त्यावर उपाय आहे.

घामेजलेला घोडा

घाम गाळून शरीर थंड करण्याच्या बाबतीत घोडा मनुष्याच्या बरोबरीचा आहे. त्याच्या घामात लॅथेरिन नावाचे, साबणासारखे काम करणारे एक प्रथिन असते. त्यामुळे घाम तेलकट केसांवरही पसरतो आणि त्याची वाफ लवकर होते. धावून आलेल्या घोड्याच्या मानेवर दिसणारा पांढरा फेस तो हाच. श्रम चालू असताना ही योजना गुणकारी. श्रम थांबल्यावर थंड वाऱ्यात तीच घातक ठरते. वैष्णोदेवीच्या चढावर यात्रेकरू नेणारे तट्टू वर पोहोचून उभे राहते, किंवा वरातीत नाचलेली घोडी मध्यरात्री मंडपाबाहेर थांबते, तेव्हा निम्न सीमेचा हिशेब त्यांना लागू पडत नाही. कारण त्यांची केसाळी आतून भिजलेली असते.

अशा घोड्यावर एकदम जाड झूल टाकू नये. घाम आतच कोंडतो. प्रथम त्यास सावकाश फिरवावे, गवताच्या बोळ्याने अंग पुसावे, आणि ज्यातून वाफ निघून जाईल असे पातळ लोकरी किंवा जाळीदार कापड पाठीवर टाकावे. तबेल्यांतील एक जुनी युक्ती अशी की, पाठीवर कोरड्या गवताचा थर पसरून त्यावर गोणपाट टाकतात. गवतामुळे गोणपाट अंगास चिकटत नाही, मधून हवा खेळते आणि वाफ गोणपाटात जाऊन बसते. अंग कोरडे झाल्यावर गवत झटकून नेहमीची झूल घालावी. ही युक्ती ज्यांनी शोधली त्यांना बाष्पीभवनाचे गणित ठाऊक नव्हते. पण त्यांची निरीक्षणे गणितास धरून होती.

घोड्याचे स्वतःचे मत

एवढे सर्व सांगूनही एक प्रश्न उरतो. घोड्यास काय हवे हे आपण बाहेरून ताडतो. त्यालाच विचारता येईल काय? नॉर्वेमधील सेसिली मेयडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न अक्षरशः घोड्यांपुढे ठेवला, आणि २०१६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी २३ घोड्यांना तीन पाट्या ओळखावयास शिकविले. आडव्या रेघेच्या पाटीस नाक लावले की झूल घालावयाची, उभ्या रेघेच्या पाटीस लावले की काढावयाची, आणि कोऱ्या पाटीस लावले की आहे तसेच ठेवावयाचे. चौदा दिवसांत सर्वच्या सर्व घोडे हे शिकले.

त्यानंतर निरनिराळ्या हवेत घोड्यांना निवड करू दिली. हवा उबदार व स्वच्छ असताना घोडे झूल काढण्याची किंवा न घालण्याची पाटी दाखवीत. पाऊस, वारा आणि गारठा एकत्र आले म्हणजे झुलीची पाटी दाखवीत. घोड्यास आपली गरज कळते आणि साधन मिळाल्यास तो ती सांगूही शकतो, असे ह्या प्रयोगाने दाखवून दिले. पाऊस आणि वारा ह्यांविषयी भौतिकशास्त्राने जे सांगितले होते, त्यालाच घोड्यांनी आपल्या नाकाने दुजोरा दिला.

प्रत्येक तबेल्यात अशा पाट्या लावता येणार नाहीत. परंतु पाट्यांवाचूनही घोडा बोलत असतो. शेपूट आत दाबून, वाऱ्याकडे पाठ करून, अंग चोरून तो उभा राहिला, किंवा थरथरू लागला, तर त्यास आडोसा, वैरण किंवा झूल हवी आहे. झुलीखाली खांद्याशी हात घातला असता ओलसर लागला, श्वास जलद चालला, घोडा अस्वस्थपणे अंग घासू लागला, तर त्यास झूल नको आहे. हात घातल्यावर अंग कोरडे व सुखोष्ण लागले, तर झूल योग्य आहे. नुसता कान थंड लागला एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. शरीर आपली उष्णता मध्यभागी राखण्यासाठी टोकांकडील रक्त कमी करीतच असते.

तेव्हा हिवाळ्याची तयारी करताना क्रम असा असावा: आधी वाऱ्यापावसापासून आडोसा, मग कोरडी जमीन, मग पोटभर वैरण, आणि त्यानंतर गरज असेल त्या घोड्यास झूल. आडोसा करताना तबेला सर्व बाजूंनी कोंडू नये आणि आत शेकोटीही पेटवू नये. धूर आणि मूत्राचा उग्र वायू घोड्याच्या फुप्फुसांना थंडीपेक्षा अधिक इजा करतात. झूल निवडताना जाडीच्या आधी कोरडेपणा पाहावा, किमतीच्या आधी माप पाहावे, आणि ती घातल्यावर रोज हात घालून घोड्यास विचारावे. धुक्याच्या पहाटे पातळ पण कोरड्या झुलीखाली स्वस्थ उभा असलेला घोडा हा जाड, ओल्या रजईखाली कुडकुडणाऱ्या घोड्यापेक्षा अधिक उबेत असतो.